रबर बदला, पण कुठले?

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात पेट्रोलियम मंत्रालयाने एक लांबलचक निवेदन प्रसिद्ध केले. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाबद्दल देशभर ज्या तक्रारी सुरू होत्या, त्यांना ते उत्तर होते. गाडी कमी पळते का, इंजिनाला धोका आहे का, विम्याचे काय, अशा प्रश्नांचा त्यात परामर्श घेतला होता. त्यातच जाता जाता एक वाक्य येऊन गेले. काही जुन्या गाड्यांमध्ये वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतील; मात्र हा बदल स्वस्त असतो आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज उरकतो, असा त्याचा आशय होता. वर्तमानपत्रांनी मायलेजच्या वादाला मथळे दिले. रबराचे वाक्य मागे पडले.

ज्यांच्या दारात आठ-दहा वर्षांची, चालू कंपनीची गाडी आहे, त्यांच्यापुरते ते वाक्य खरे आहे. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा संगणकावर गाडीचा क्रमांक टाकतो, भागाचा क्रमांक पुढे येतो आणि संध्याकाळपर्यंत पाकीट हजर होते. पण ज्यांच्या इमारतीखाली अजून एखादी प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी हे वाक्य वाचून काय करायचे? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० चे ‘डिलाइट’ हे रूप तयार होऊ लागले. सत्तरच्या दशकात त्याच गाडीला राणी पद्मिनीचे नाव मिळाले आणि नव्या शतकाच्या तोंडावर तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली. त्या दिवसांत तिच्यावर पुष्कळ हळवे लेखन झाले. ते योग्यच होते. पण टॅक्सी होती तोवर तिच्या सुट्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते, हे त्या गहिवरात कोणाच्या लक्षात आले नाही. गिऱ्हाईक गेले की दुकानातला फळा बदलतो. तो बदलला.

अस्मादिकांच्या घरी १९९६ सालची एक पद्मिनी आहे, म्हणून हा विषय निव्वळ वर्तमानपत्री राहिला नाही. गेल्या वर्षी एका सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला. आधी संशय शेजारच्या मोटारसायकलवर गेला. मग बॉनेट उघडले. टाकीकडून येणारी आणि पेट्रोल पंपाला जोडणारी रबरी नळी उकडलेल्या भेंडीसारखी मऊ झाली होती. क्लिपच्या बाजूने ती फुगून ओलसर झाली होती आणि हाताला काळे लागत होते. ही नळी जुनी नव्हती. चारच महिन्यांपूर्वी दुकानातून मीटरवर कापून, ‘पेट्रोल पाइप’ म्हणून आणली होती. माप बरोबर होते, चमक बरोबर होती, किंमतही परवडली होती. नाना पेठेतल्या मिस्त्रींनी ती बोटांत दाबली, वास घेतला आणि म्हणाले, “अहो, हा पाण्याचा पाइप आहे. पेट्रोल याला खाणारच. बरं झालं, इंजिन गरम असताना टपकलं नाही.” खाली लहान मुले सायकली लावतात. त्यांचे वाक्य पुढे कितीतरी दिवस डोक्यात राहिले.

लोखंडाचे एक बरे असते. गंजले तर पत्रा कापून नवा जोडता येतो, शाफ्ट झिजला तर लेथवर बुश बसवता येतो, दाता तुटला तर भरून घासता येतो. आपल्याकडचे फॅब्रिकेटर आणि लेथवाले या बाबतीत कोणाला हार जाणारे नाहीत. रबराचे तसे नाही. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या योगाने चिकट चिकाला टिकाऊपणा देण्याची क्रिया शोधली. त्या क्रियेत रबराच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींशी बांधल्या जातात, आणि एकदा बांधल्या की ते रबर वितळवून पुन्हा ओतता येत नाही. त्याला वेल्डिंग नाही, डाग नाही. शिवाय ते काम न करताही म्हातारे होते. ऊन, हवेतला ओझोन, उष्णता आणि तेलाचे शिंतोडे त्याला बसल्या जागी खातात. गाडी वापरली नाही म्हणजे ती नव्यासारखी राहिली, हा समज इंजिनाबाबत थोडाफार खरा असेल. रबराबाबत तो साफ चुकीचा आहे. उलट चालत्या गाडीतले रबर हलते, तेलपाणी फिरते राहते. उभ्या गाडीतले रबर एकाच जागी दबून राहते आणि तोच आकार धरते.

एका गाडीत असे रबर असते तरी किती, याची कल्पना गाडी उघडल्याशिवाय येत नाही. पुढच्या-मागच्या काचांची रबरे आणि दारांचे बीडिंग ही डोळ्यांना दिसणारी. त्याखाली रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट, इंजिन ज्यावर बसते ती फाउंडेशनची रबरे, गिअरबॉक्सखालचे रबर, पाट्यांचे बुश, शॉकअॅब्सॉर्बरचे बुश, स्टिअरिंगच्या सांध्यांवरच्या टोप्या, क्रँकच्या टोकांचे ऑइल सील. आणि ज्यांच्यावर जीव अवलंबून असतो ते दोन संच: पेट्रोलच्या वाटेवरच्या नळ्या व पंपाचा पडदा, आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधले व चाकांच्या सिलिंडरांमधले कप. पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, हा रबर चढवलेल्या कापडाचा साधा गोल तुकडा असतो. तो फाटला तर पेट्रोल एक तर बाहेर गळते, नाहीतर इंजिनातल्या ऑइलमध्ये उतरून त्याचे पाणी करते. ब्रेकचे कप तर अंगठ्याएवढे असतात. जुन्या पद्धतीच्या एकाच सर्किटच्या ब्रेकमध्ये त्यातला एक दगा देतो आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. खंबाटकी उतरताना पायाखालचे पेडल सरळ तळाला जाणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो पुढे कपांच्या किमतीवरून घासाघीस करत नाही.

आता मूळ मुद्दा. हे भाग बाजारात मिळतच नाहीत, असे नाही. पद्मिनीच्या काचेचे रबर मिळते, ब्रेकचे किट मिळते, पडदाही मिळतो. मुंबईत ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत, कुर्ल्याच्या भंगारात, पुण्यात नाना पेठेत विचारत फिरले तर चार दुकानांत नाही आणि पाचव्यात आहे, असा अनुभव येतो. अडचण वेगळीच आहे. पाकिटावर गाडीचे नाव असते, रबराचे नसते. कंपनी चालू होती तेव्हा तिच्या नकाशावर फक्त आकार नव्हता. कुठले रबर, किती कडक, कुठल्या तेलात किती फुगले तर चालेल, हेही तिथे ठरलेले होते आणि पुरवठादाराला ते पाळावे लागत होते. कंपनी गेली, नकाशे गेले, साचे भंगारात गेले. उरला तो आकार. आज जो माल बनतो तो जुन्या भागाकडे पाहून बनतो, आणि काळ्या रबराकडे पाहून ते कशाचे आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

‘रबर’ हा आपण एकेरी शब्द वापरतो, पण ते एक मोठे कुटुंब आहे आणि त्या कुटुंबात भाऊबंदकीही आहे. झाडाच्या चिकापासूनचे नैसर्गिक रबर लवचिकतेत आणि फाटण्याला दाद न देण्यात अजून श्रेष्ठ आहे. म्हणून फाउंडेशन आणि बुश त्याचेच असावेत. पण पेट्रोल आणि ऑइल लागले की ते फुगते. नायट्राइल रबर तेलाला दाद देत नाही, म्हणून सील आणि पेट्रोलच्या नळ्यांत ते वापरतात. मात्र उन्हात ठेवले तर त्याला चिरा पडतात. ईपीडीएम नावाचे रबर याच्या बरोबर उलटे. ऊन, पाऊस, ओझोन, रेडिएटरचे गरम पाणी, ब्रेक ऑइल हे सारे ते वर्षानुवर्षे सोसते. दारांचे बीडिंग, काचेचे रबर आणि रेडिएटरचे होज यांना त्यासारखे दुसरे नाही. पण पेट्रोल लागले की त्याचे भिजलेल्या पावासारखे होते. निऑप्रिन दोन्हीकडे थोडे थोडे. फ्लोरो रबर, ज्याला बाजारात विटॉन म्हणतात, ते पेट्रोल, इथेनॉल आणि उष्णता यांच्यापुढे सगळ्यांत टिकाऊ आणि अर्थातच महाग. मग सगळीकडे महागातलेच बसवावे, असा विचार हौशी माणसाच्या मनात येतो. तो घातक आहे. तेच फ्लोरो रबर नेहमीच्या ब्रेक ऑइलमध्ये टिकत नाही. सिलिकॉनचे निळे-लाल होज दिसायला झकास असतात, रेडिएटरला चालतात, पण पेट्रोलला ते वर्ज्य.

म्हणजे पर्याय शोधताना पहिला प्रश्न ‘माप काय’ हा नसून ‘याला काय लागणार’ हा आहे. पेट्रोल, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, पाणी की नुसते ऊन? ब्रेक ऑइल या शब्दाने तर किती घरांचे नुकसान केले असेल. त्याच्या नावात ऑइल असले तरी ते खनिज तेल नव्हे, ग्लायकोलच्या जातीचा वेगळाच द्रव आहे. ब्रेकचे कप त्यात सुखाने राहतात. पण कोणी घाईत त्या टाकीत थोडे इंजिन ऑइल ओतले, किंवा सिलिंडर बसवताना कपांना ग्रीस चोळले, की ते कप फुगून सिलिंडरमध्ये अडकतात आणि ब्रेक सुटत नाही. मग एक कप बदलून भागत नाही. सगळी रबरे काढून, नळ्या धुऊन पुन्हा सुरुवात करावी लागते.

या घरगुती गणितात इथेनॉलने नवी अट घातली. पेट्रोलात दहा टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्ये गाठले. वीस टक्क्यांसाठी आधी २०३० साल ठरले होते, ते अलीकडे ओढून २०२५ केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते देशभरच्या पंपांवर नेहमीचे पेट्रोल होऊन बसले. नवीन गाड्यांचे भाग एप्रिल २०२३ पासून या मिश्रणाला चालतील असे बनू लागले. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालात रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांचा उल्लेख होताच. चारचाकींच्या इंधनखर्चात सहा-सात टक्क्यांचा फरक पडेल, हेही त्यात लिहिले होते. म्हणजे सरकारला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. ठाऊक होते, आणि जुन्या गाड्यांचा प्रश्न आपोआप संपेल असे बहुधा गृहीत धरले होते.

इथेनॉल रबराला नेमके काय करते? पुष्कळशा जातींचे रबर नुसत्या पेट्रोलात किंवा नुसत्या इथेनॉलमध्ये जेवढे फुगते, त्याहून अधिक ते दोघांच्या मिश्रणात फुगते. फुगताना त्यातली मऊपणा देणारी द्रव्ये धुऊन निघतात. पुढे गाडी महिनाभर उभी राहिली, नळी वाळली, की ते रबर आकसते आणि चिरते. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा सणावारी बाहेर निघणाऱ्या गाडीला हे फुगणे-आकसणे अधिक बाधते. त्यात इथेनॉल हवेतले पाणी ओढते. ते टाकीच्या तळाशी साचले की पत्रा गंजतो, आणि जुन्या टाकीतली घाण सुटून कार्बोरेटरपर्यंत येते. नायट्राइलमध्येही भारी आणि हलके असे प्रकार आहेत, आणि मीटरवर विकली जाणारी हलक्या नायट्राइलची नळी पूर्वीच्या पेट्रोलात कशीबशी निभावत होती. आता ती निभावत नाही.

गंमत अशी की हे इथेनॉल पुष्कळसे आपल्याच उसाचे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे ज्या घरांत कारखान्याच्या बिलावर मुलांची शिक्षणे झाली, त्यांतल्या काहींच्या वाड्यात जुनी फियाट अजून उभी असेल. एका हाताने आलेले पैसे दुसऱ्या हाताने नळ्यांवर घालायचे, असा हा व्यवहार. इथेनॉलला विरोध करण्याचे मला काही कारण दिसत नाही. परकीय चलन वाचते, शेतकऱ्याचे पैसे वेळेवर येण्याची शक्यता वाढते, हे खरेच आहे. आक्षेप आहे तो ‘स्वस्त’ आणि ‘सहज’ या दोन विशेषणांना. ब्रिटनने १ सप्टेंबर २०२१ पासून दहा टक्क्यांचे पेट्रोल नेहमीचे केले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ‘सुपर’ श्रेणीत पाच टक्क्यांचे पेट्रोल मुद्दाम चालू ठेवले आणि कुठल्या गाड्यांनी ते वापरावे हेही सांगितले. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलाचा पर्याय ठेवावा आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण लिहावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. धोरण ठरवणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असे म्हणता येईल. पण मग ज्यांचे ते काम आहे त्यांनी निदान पंपावर पाटी लावायला काय हरकत होती?

असो. पाटी येईल तेव्हा येईल. तोवर गाडी चालवायची तर रबर शोधले पाहिजे. यात काही भाग सोपे आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. ऑइल सील कुठल्या एका गाडीचे नसते. त्याच्या अंगावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे कोरलेले असतात, आणि त्या मापाचे सील पंपाला, ट्रॅक्टरला, लेथला कशालाही वापरलेले असू शकते. दुकानात जाऊन “पद्मिनीचे सील द्या” म्हटले तर मान हलते. आकडे सांगितले तर खण उघडतो. ओ-रिंगचेही तसेच, आणि बेल्टचेही. मुंबईत मशिदीजवळच्या नागदेवी रस्त्यावर कारखान्यांना लागणारा असला माल मिळतो, तिथे गाडीचे नाव काढायचीच गरज नाही. पेट्रोलच्या नळीवर एसएई जे-३० अशी छापील खूण असते आणि पुढे आर-६, आर-७ किंवा आर-९ असा दर्जा. अंगावर काहीच न छापलेली नळी पेट्रोलसाठी घेऊ नये, हा धडा मी पार्किंगमध्ये शिकलो. शंका असेल तर तुकडा कापून मापून घ्यावा, बुचाच्या बाटलीत पेट्रोलमध्ये बुडवून घराबाहेर, चुलीपासून आणि पोरांपासून लांब, आठवडाभर ठेवावा आणि पुन्हा मापावा. फुगला, मऊ पडला किंवा पेट्रोल काळे झाले तर दुकानदाराशी वाद घालत बसू नये, दुसरी नळी घ्यावी.

काचेची आणि दाराची रबरे मधल्या वर्गात मोडतात. ती साच्यात दाबून केलेली नसतात, शेवेसारखी सोऱ्यातून लांब ओढलेली असतात. त्या सोऱ्याची चकती तुलनेने स्वस्त पडते आणि छेद जुळला की कोपरे चिकटवून काम भागते. इथे एक विचित्र गोष्ट आहे. इटलीत फियाट ११०० चे उत्पादन १९६९ मध्येच संपले, पण तिथे जुन्या गाड्यांची हौस मोठी असल्यामुळे तिच्या काचांची रबरे नव्याने बनत असतात. कुर्ल्याच्या गाडीची कवटी मुळात तीच. त्यामुळे इकडचे काही शौकीन तिकडून मागवतात. टपालखर्च आणि कस्टम्स धरले की रबर सोन्याच्या भावाने पडते, पण दोन पावसाळ्यांत त्याला चिरा पडत नाहीत. आपल्याकडे तिच्यानंतर तीस वर्षे तीच गाडी बनत राहिली, आणि तिचे चांगले रबर शोधायला तिच्या माहेरी जावे लागते!

खरी कसोटी साच्यातल्या भागांची आणि त्यातही लोखंडाला चिकटवलेल्या रबरांची, म्हणजे फाउंडेशनची. वर्षानुवर्षे इंजिनाचे वजन घेऊन ती बसलेली असतात. तोच बसलेला नमुना कारागिराला दिला तर तो इमानाने बसकाच भाग बनवून देतो. शिवाय रबर साच्यातून बाहेर आल्यावर दीड-दोन टक्के आकसते. नमुन्यावरून थेट साचा पाडला तर नक्कल मुळापेक्षा लहान येते, तिच्यावरून पुढची आणखी लहान. चांगला कारागीर म्हणून नमुन्याबरोबर गाडीही मागतो. जिथे तो भाग बसतो तिथली भोके, अंतर, उंची मापतो आणि त्यावरून मूळ आकार काढतो. जुन्या भागाच्या लोखंडी पट्ट्या मात्र फेकू नयेत. त्या साफ करून, रसायन लावून, त्यांच्यावरच नवे रबर चढवता येते. कडकपणा मापायला शोअरचे खिशात मावणारे यंत्र असते. रबर जरुरीपेक्षा कडक झाले की इंजिनाचा सारा थरकाप स्टिअरिंगमध्ये येतो, आणि गिऱ्हाईक इंजिनाला दोष देते.

अलीकडे पॉलियुरेथेनचे बुश निघाले आहेत. दांड्यातून लेथवर कापून बनतात, साचा लागत नाही, म्हणून पर्याय म्हणून लोकप्रिय आहेत. टिकतात, यात वाद नाही. पण रबरी बुश आतल्या आत पिळ घेऊन काम करतो आणि पॉलियुरेथेनचा घसरून. त्याला ग्रीस लागते, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला कुरकुर ऐकू येते. रबरी बुश बसवतानाही एक चूक सर्रास होते. गाडी जॅकवर असतानाच नट पक्के आवळतात. मग गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि सहा महिन्यांत फाटतो. दोष मात्र ‘डुप्लिकेट माला’च्या माथी जातो.

या बाजारातला सगळ्यांत गोड सापळा म्हणजे जुना पण कोरा माल. दुकानाच्या माळ्यावरून कंपनीच्या छापाचे, पिवळे पडलेले पाकीट निघते आणि शौकिनाचे डोळे पाणावतात. दिव्याची काच, हँडल, बेअरिंग असे काही असेल तर जरूर घ्यावे. रबर असेल तर हात जोडावेत. पंचवीस वर्षे पाकिटात राहिलेले रबर पंचवीस वर्षांचेच असते. टायरवर तरी कारखान्याचा आठवडा आणि साल चार आकड्यांत छापलेले असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ब्रेकच्या कपाच्या पाकिटावर अशी तारीख क्वचितच सापडते.

आता कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी तरतूद केली. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ‘व्हीए’ असे वेगळे क्रमांक, आणि रोजच्या वापराला बंदी. राजेरजवाड्यांच्या गाड्यांसाठी हे ठीक आहे. पण मध्यमवर्गाने नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेल्या पद्मिनींपैकी बहुतेक तीस-चाळीस वर्षांच्या आहेत. म्हणजे वारसा म्हणून मिरवायला लहान आणि रस्त्यावर आणायला म्हाताऱ्या. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीचे नोंदणी-नूतनीकरण एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी दहा हजार झाले. नूतनीकरणाआधी गाडीची तपासणी होते. पण पेट्रोलची नळी कुठल्या रबराची आहे, ब्रेकचे कप किती जुने आहेत, हे त्यात कुठे दिसते? भोंगा वाजतो, दिवे लागतात आणि शिक्का बसतो.

दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर एक संकेतस्थळही उघडले. मोबाइल, घरगुती यंत्रे, शेतीची अवजारे यांच्याबरोबर मोटारीही त्यात आहेत. पण हा सारा विचार चालू असलेल्या कंपन्यांभोवती फिरतो. त्यांनी माहिती द्यावी, भाग द्यावेत, बाहेरच्या मिस्त्रीला अडवू नये, इथवर तो येतो. जिचे उत्पादनच बंद पडले त्या गाडीचे काय? वास्तविक उपाय फार अवघड नाही. मॉडेल बंद करताना सुरक्षेशी संबंधित रबरी भागांचे नकाशे आणि द्रव्याचा तपशील कंपनीने एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे ठेवायचा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रबर उद्योगाची संशोधन संस्था आहे. रबर कशाचे आहे हे तपासण्याची सोय तिथे आहे. आणि जो कोणी सुटा भाग विकतो त्याने पाकिटावर तीन गोष्टी छापायच्या: रबराची जात, बनवल्याचा महिना, आणि ते पेट्रोलला, ब्रेक ऑइलला की पाण्याला चालते. बिस्किटाच्या पुड्यावर आपण एवढे छापून घेतोच.

तोपर्यंत शौकिनांची मंडळे आपापल्या परीने मार्ग काढतात. एका माणसासाठी साचा परवडत नाही, पंचवीस-तीस जण एकत्र आले तर परवडतो. वर्गणी काढायची, कोणाच्या तरी गाडीवरून मापे घ्यायची, भोसरीला किंवा वसईला एखादा लहान रबरवाला गाठायचा आणि कंपाउंड कुठले वापरणार हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यायचे. शेवटची गोष्ट पुष्कळदा राहून जाते. मग सुंदर दिसणारे तीस संच तयार होतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिसांनाही चिरा पडतात.

आमच्या गाडीची नळी बदलली. नवी नळी छापील दर्जाची आहे आणि मिस्त्रींनी पंपाचा पडदाही नवा घातला, इथेनॉलला चालणारा. तो मिळायला दोन महिने लागले आणि ‘स्वस्त’ हा शब्द त्या दोन महिन्यांत कोणी उच्चारला नाही. ब्रेकचे सगळे कप एकाच वेळी बदलून त्यांची तारीख खडूने नव्हे, रंगाने मास्टर सिलिंडरवर लिहिली आहे. पुढच्या काचेचे रबर तेवढे राहिले. दुकानातले दोन नमुने पाहून परत केले, तिसऱ्याची चौकशी चालू आहे. जूनच्या पहिल्या सरीला काचेच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आत आले. तिथे सध्या एक जुना पंचा खोचून ठेवला आहे.